पहिला चिरा कोणाचा?

हाडाच्या गाठीचा डॉक्टर वेगळा असतो, हे आपल्या तालुक्यात किती जणांना माहीत आहे? हाड मोडलं की हाडाचा डॉक्टर आणि कॅन्सर झाला की कॅन्सरचा डॉक्टर, इथपर्यंतच आपली माहिती. पण हाडातून, स्नायूतून, चरबीतून उठणाऱ्या गाठींवर उपचार करणारी एक स्वतंत्र शाखा आहे. तिला ऑर्थोपेडिक ऑन्कोलॉजी म्हणतात. आधी हाडाचा सर्जन व्हायचं आणि त्यानंतर पुन्हा फक्त गाठींचं काम शिकायचं, असे हे लोक. देशात ते मोजकेच आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

आज त्यांचा इतिहास लिहायला घेतलाय, त्यालाही कारण आहे. पेपरात काम करणाऱ्याकडे 'मदतीचं आवाहन छापा' म्हणून माणसं फायली घेऊन येतात. त्यातल्या हाडाच्या गाठीच्या फायली चाळल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पेशंट मुंबईला पोचण्याआधीच कुणीतरी ती गाठ उघडलेली असते. नाव-गाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. त्या पहिल्या चिऱ्यावर पुढचं किती अवलंबून असतं, हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही आकडे मोजल्यावरच कळलं. ते कसं कळलं, त्याची ही गोष्ट. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. हाड, स्नायू, चरबी अशा ठिकाणांहून उठणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचं प्रमाण साधारण १ टक्का. मुलांमध्ये ते बरंच जास्त. त्यातला ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर मुख्यतः वाढीच्या वयात होतो, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास. म्हणजे नेमका खेळण्या-पडण्याच्या वयात आणि नेमका मार लागतो त्या जागी. त्यामुळे घरच्यांना वाटतं मुका मार असेल, शाळेत वाटतं वाढीचं दुखणं असेल. मग लेप, मालिश, शेक, गोळ्या. त्यात महिने जातात.

'ऑस्टिओसार्कोमा' हा शब्द १८०५ साली फ्रेंच सर्जन अलेक्सी बॉयर यांनी वापरात आणला. हे बॉयर नेपोलियनचे सर्जन. नाव मिळालं, पण उपाय मिळाला नाही. पुढची दीडशे वर्षं उपाय एकच होता, हात किंवा पाय कापणं. आणि पाय कापूनही दहातले आठ-नऊ पेशंट वाचत नव्हते. कारण पाय कापायच्या आधीच रोगाचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसलेले असायचे. ते एक्स-रेत दिसत नसत. वर्षा-दोन वर्षांत खोकला सुरू व्हायचा आणि संपायचं.

आता या गोष्टीतला पहिला माणूस. अर्नेस्ट कॉडमन, अमेरिकेत बॉस्टनचे सर्जन. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. ऑपरेशन केलं, पेशंट घरी गेला, पण पुढे त्याचं काय झालं? तो चालतो का, जगला का? हे डॉक्टरनं शोधलं पाहिजे, लिहिलं पाहिजे आणि जाहीर केलं पाहिजे. याला ते 'अंतिम निकाल' म्हणायचे. ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत. तिथे हे कुणाला पटेना. १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या भर सभेत त्यांनी एक मोठं व्यंगचित्र उघडून दाखवलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतोय आणि डॉक्टर मंडळी ती गोळा करतायत. बॉस्टनच्या प्रतिष्ठित डॉक्टरांना ते फार झोंबलं.

त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि जे बोलले ते करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळात घरी पाठवलेल्या ३३७ पेशंटचा हिशोब त्यांनी छापला, आणि त्यात १२३ चुका स्वतःच मोजून दाखवल्या. आज आपल्या जिल्ह्यात असं छापायची तयारी किती हॉस्पिटलांची आहे, विचार करून बघा.

याच कॉडमन यांनी १९२० च्या सुमारास हाडाच्या सार्कोमाची नोंदवही सुरू केली. देशभरातल्या सर्जनना पत्रं पाठवली की, तुमच्याकडच्या हाडाच्या गाठीच्या पेशंटची माहिती, एक्स-रे आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पाठवा. आजार इतका दुर्मीळ की एका सर्जनला आयुष्यभरात दोन-चार केस दिसायच्या. त्यावरून कुणाला काय शिकता येणार? सगळ्यांच्या केस एका जागी आल्या तरच काही उमगेल, हा त्यांचा विचार. या कामात न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट जेम्स युइंग त्यांच्याबरोबर होते. युइंग यांनी १९२१ मध्ये मुलांच्या हाडातल्या एका वेगळ्याच कॅन्सरचं वर्णन केलं. आज फायलीवर 'युइंग्ज सार्कोमा' लिहिलेलं असतं, ते त्यांचं नाव. आणि एक्स-रेच्या रिपोर्टात कधी 'कॉडमन ट्रँगल' असे शब्द दिसतात, ते या कॉडमन यांचं. गाठ हाडावरचं आवरण उचलते, तिथे एक त्रिकोण दिसतो. तो दिसला की डॉक्टरनं सावध व्हायचं.

कॉडमन १९४० मध्ये गेले. कितीतरी वर्षं त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ मध्ये बसवला गेला.

त्याच १९४० सालची दुसरी गोष्ट. साउथ कॅरोलायनाचे सर्जन ऑस्टिन मूर आणि बाल्टिमोरचे हॅरोल्ड बोलमन यांच्यासमोर एक पेशंट होता. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जायंट सेल ट्यूमर, आणि तो पुन्हा पुन्हा उलटत होता. ही गाठ कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरते. त्यांनी पाय कापला नाही. हाडाचा तेवढा भाग काढला आणि त्या जागी साधारण फूटभर लांबीचा धातूचा तुकडा बसवला. माणूस त्यावर चालला. पुढे याच मूर यांनी खुब्याचा सुटसुटीत धातूचा गोळा तयार केला. आपल्याकडे आजी न्हाणीत घसरून पडते, खुबा मोडतो आणि सरकारी दवाखान्यात 'ऑस्टिन मूर बसवला' असं सांगतात, तो हाच. म्हणजे आजीच्या खुब्यातल्या गोळ्याची सुरुवात एका गाठीच्या ऑपरेशनपासून झाली आहे.

पाय वाचवता येतो हे दिसलं, पण जीव वाचत नसेल तर पाय वाचवून काय करायचं? हा पेच सुटला १९७० च्या दशकात. बॉस्टनमध्ये नॉर्मन जाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध फार मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, दुसरीकडे अॅड्रियामायसिनचे प्रयोग चालू होते. आपल्याकडे कॅन्सरच्या वॉर्डात ज्याला 'लाल औषध' म्हणतात, तेच हे अॅड्रियामायसिन. १९७३ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या १२ वर्षांच्या मुलाचा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला. त्याला बॉस्टनला ही नवी औषधं मिळाली. तो जगला, आणि पुढे स्वतः राजकारणात आला.

१९७७ मध्ये कॅनडातल्या टेरी फॉक्स या १८ वर्षांच्या मुलाचा उजवा पाय याच आजारात गेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की, आता जगायची शक्यता निम्मी आहे. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. औषधांसाठी पैसा गोळा व्हावा म्हणून हा मुलगा १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर कॅनडाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्याकडे पळत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. मग रोग फुप्फुसात सापडला आणि धावणं थांबलं. जून १९८१ मध्ये तो गेला. वय २२.

तरीही औषधानंच फरक पडतो का, यावर डॉक्टरांमध्ये वाद होता. काही म्हणायचे, आता ऑपरेशनच चांगली होतात म्हणून पेशंट जगतायत. तो वाद मिटवला १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीनं. पेशंट फक्त ३६. काहींना ऑपरेशननंतर केमोथेरपी दिली, काहींना नाही. दोन वर्षांनी आजार न उलटलेले पेशंट केमोच्या गटात ६६ टक्के होते आणि नुसत्या ऑपरेशनच्या गटात १७ टक्के. यानंतर बोलायला काही उरलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि तो जरा योगायोगानं आला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये सर्जन राल्फ मार्कोव्ह आणि औषधांचे डॉक्टर गेराल्ड रोझेन एकत्र काम करत होते. मार्कोव्ह गुडघ्याचा रोगट भाग काढून धातूचा सांधा बसवायचे. पण तेव्हा असा सांधा तयार मिळत नसे. प्रत्येक पेशंटच्या मापानं करवून घ्यावा लागे, आणि त्याला दोन-तीन महिने लागत. तोवर काय, रोगाला वाढू द्यायचं? रोझेन यांनी ठरवलं की, या मधल्या काळात केमोथेरपी द्यायची. सांधा येईपर्यंतची ती सोय होती. पण झालं असं की गाठी आटोक्यात येऊ लागल्या, ऑपरेशन सोपं होऊ लागलं. शिवाय काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर औषधानं किती रोग मेला हेही कळू लागलं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो हा आजचा क्रम तिथून आला. ऑपरेशनआधी महिने का घालवतायत म्हणून नातेवाईक घाबरतात, डॉक्टर बदलतात, बाबा-बुवांकडे जातात. त्यांना हे माहीत पाहिजे की ते महिने वाया जात नसतात. तोही उपचारच असतो.

स्नायू-चरबीतल्या गाठींचंही असंच झालं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं ४३ पेशंटवरची चाचणी छापली. काहींचा अवयव कापला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. जगण्यात फरक पडला नाही.

पाय वाचवायचा तर गाठ कशी काढायची? याचं व्याकरण फ्लोरिडाच्या विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये मांडलं. गाठ पेरूतल्या बीसारखी सोलून काढायची नाही. तिच्याभोवती निरोगी मांसाचा थर ठेवून, ती न दिसता, अख्खी बाहेर आली पाहिजे. गाठ उघडी पडली की तिच्या पेशी रक्ताबरोबर आजूबाजूला सांडतात. जिथवर रक्त पसरलं, तिथवर जागा नासली असं धरायचं.

इथे येतो तो पहिला चिरा. गाठ कसली आहे हे कळायला तिचा तुकडा काढावा लागतो. ती बायोप्सी. दिसायला ते दहा मिनिटांचं काम. सगळ्यांना वाटायचं, तुकडा कुणीही काढावा, मोठं ऑपरेशन मोठ्या डॉक्टरनं करावं. बॉस्टनच्या हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ३२९ पेशंटच्या बायोप्सींचा हिशोब काढला. १८ टक्के पेशंटमध्ये निदानात मोठी चूक झालेली. तेवढ्याच जणांत बायोप्सीतल्या गडबडीमुळे पुढचा उपचार बदलावा लागलेला. आणि साडेचार टक्के लोकांचा हात किंवा पाय निव्वळ बायोप्सी चुकल्यामुळे कापावा लागलेला. हे सगळं गाठींचे तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी, तीन ते पाच पट जास्त. १९९६ मध्ये ५९७ पेशंटवर पुन्हा मोजणी झाली. चौदा वर्षांत फारसं काही सुधारलं नव्हतं. यावेळी असे विनाकारण अवयव गमावलेले पेशंट १८ होते.

हे मॅनकिन कुठे काम करत? मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये. ज्या हॉस्पिटलला कॉडमन यांची मोजदाद नको झाली होती, तिथेच सत्तर वर्षांनी त्याच पद्धतीनं मोजल्यावर हे सत्य बाहेर आलं.

आता आपल्याकडे या. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या, त्यानंतर सर दोराबजींच्या मनातून निघालेली ही गोष्ट. हॉस्पिटलजवळच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. मूळचे गोव्याचे, टाटामधले नामांकित कॅन्सर सर्जन. १९६२ पासून हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे आहे. आपल्या गावांतून जाणारा पेशंट तिथे फूटपाथवर झोपतो, नशीब असलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळते. हे मी नव्यानं सांगायला नको.

भारतात पाय वाचवण्यातली अडचण पैशाची होती. परदेशी सांधा लाखांच्या घरात. कापणं स्वस्त, वाचवणं महाग. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इथेच बनवलेले, पेशंटच्या मापाचे सांधे बसवायला सुरुवात केली. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे टाटाचे सर्जन, मुंबई आयआयटीचे इंजिनीअर आणि हैदराबादची धातुसंशोधन संस्था यांनी मिळून गुडघ्याच्या देशी सांध्यावर काम केलं.

टाटामध्ये आणखी एक रीत रुळली, ती आपल्या काटकसरी घरांना पटेल अशी. रोगट हाड काढायचं, त्यावरची गाठ साफ करायची, हाड गुंडाळून रेडिएशनच्या मशिनकडे न्यायचं. तिथे त्याला ५० ग्रे एवढा मोठा डोस एकदाच द्यायचा. त्यात कॅन्सरची एकही पेशी जगत नाही. मग तेच हाड परत आणून त्याच जागी पट्ट्या-स्क्रूनं बसवायचं. पेशंट तोवर टेबलावर भुलीतच असतो. मापाचा प्रश्नच नाही, कारण हाड त्याचंच. प्रत्येक गाठीला हे चालत नाही, पण जिथे चालतं तिथे महागडा सांधा वाचतो.

आणि कॉडमन यांची नोंदवही? ती आपल्या महाराष्ट्रातही आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं. तिथे पेशंट दवाखान्यात यायची वाट बघत बसले नाहीत, कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलून नोंद करू लागले. बार्शीला जे जमलं ते इतर तालुक्यांना अशक्य नाही.

आज केमोथेरपी आणि नीट ऑपरेशन झालेल्या, रोग न पसरलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या दहातले सहा-सात पेशंट वाचतात, आणि बहुतेकांचा अवयवही वाचतो. विज्ञानानं आपलं काम केलंय. पण ते काम आपल्या पोरांपर्यंत पोचायचं असेल तर मधला रस्ता नीट हवा, आणि तो रस्ता आपल्या गावातून सुरू होतो.

म्हणून काही साध्या गोष्टी.

वाढत्या वयाच्या मुलाचं एकाच जागचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, रात्री झोपेतून उठवत असेल, सूज दिसत असेल, तर एक्स-रे काढा. साधा एक्स-रे काहीशे रुपयांत होतो, सरकारी दवाखान्यात त्याहून कमीत. तोवर मालिश नको. आपल्या हाडवैद्यांचा हातगुण मुरगळण्याला असेल, पण सुजेच्या गाठीला चोळू नका, हे त्यांनाही सांगा.

मांडीत, दंडात, पाठीत लिंबापेक्षा मोठी, खोल किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर 'चरबीची आहे, इथेच भूल देऊन काढून टाकू' याला लगेच हो म्हणू नका. बहुतेक गाठी चरबीच्याच निघतात, हे खरं. पण जी निघत नाही, तिच्यासाठी आधी एमआरआय आणि मग सुईनं तुकडा, हा क्रम आहे. आणि तो तुकडा, पुढे मोठं ऑपरेशन जो करणार आहे त्यानं किंवा त्याला विचारून काढायचा. सुई जिथून गेली ती वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये कापून काढावी लागते, म्हणून ती कुठून जावी हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. जमीन विकायच्या आधी भेटा.

आमच्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. तुमच्यातले बरेच जण शंका आली की हात न लावता पुढे पाठवतात, हे मी पाहिलंय. पेशंट गेला म्हणून गाव नावं ठेवतं, तेही पाहिलंय. गावानं ही सवय सोडायला हवी. 'हे माझ्याच्यानं होणार नाही, मुंबईला जा' असं सांगणारा डॉक्टर कमी शिकलेला नसतो. त्या पोराचा पाय वाचवायला सुरुवात त्यानंच केलेली असते.

आणि लोकप्रतिनिधींनो, रुग्णवाहिकेवर फोटो लावता, चांगलंच आहे. त्याबरोबर उपजिल्हा रुग्णालयात एक कागद भिंतीवर लावून घ्या: संशयास्पद हाडाची गाठ आली तर कुणाला फोन करायचा आणि कुठे पाठवायचं. आणि पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, याची एक वही ठेवायला सांगा. वहीला चाळीस रुपये लागतात.

पोस्ट जपून ठेवा. गरज कुणाला, कधी पडेल सांगता येत नाही. शाळेच्या ग्रुपवर, क्रीडाशिक्षकांना, आशाताईंना नक्की पाठवा. गुडघा धरून बसलेलं पोरगं सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.